पुनर्वसूची थरथर

फाल्गुन लागला की आमच्या जळगावच्या कॉलेजात प्रात्यक्षिकांचा हंगाम सुरू होतो. प्रयोगशाळेच्या खिडक्या उघड्या असतात आणि शहराबाहेरून कुठून तरी गव्हाच्या भुशाचा वास आत येतो. मुलं लोलकातून टाचण्या बघत असतात, कोन मोजत असतात, एकमेकांच्या वहीत डोकावत असतात. मी त्यांच्यामधून फिरते, चुकलेली आकडेमोड दाखवते. भुशाचा तो वास आला की मात्र पाच-दहा मिनिटं माझं लक्ष लागत नाही. मी शिकवण्याच्या टेबलाशी येऊन उगीच कागद सारखे करत बसते.

तो वास मला भडगावजवळच्या आमच्या गावी नेतो, गिरणेच्या काठी. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी बारावीत होते. रोज सकाळच्या एसटीनं भडगावला कॉलेजात जायचे आणि दुपारच्या गाडीनं परत यायचे. पाटाच्या पाण्यावर गहू व्हायचा. होळीच्या आगेमागे तो कापून खळ्यावर यायचा, आणि मग आठ-पंधरा दिवस सगळं गाव आभाळाकडे डोळे लावून असायचं. वर्षभराची मेहनत उघड्यावर पडलेली असे. त्या दिवसांत अवकाळी पावसाची एक सर आली तरी गहू काळा पडायचा.

म्हणून त्या दिवसांत लोक संध्याकाळी आमच्या ओट्याशी यायचे. माझ्या वडिलांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीसुद्धा. आबांची शाळा चौथीत सुटली होती, पण त्यांना चांदण्या वाचता यायच्या. जेवणं झाली की ते अंगणात बाज टाकायचे, पाठीवर आडवे व्हायचे आणि बराच वेळ काही बोलायचे नाहीत. मग उठून बसून सांगायचे, उद्या वारं सुटेल, किंवा दोन दिवस काही भीती नाही, किंवा आज जे झाकता येईल ते झाका.

हे त्यांना त्यांच्या आजोबांनी शिकवलं होतं. रीत सोपी होती. क्षितिजाजवळच्या चांदण्या रोजच लुकलुकतात, त्यांच्याकडे बघायचं नाही. बघायच्या त्या डोक्यावरच्या. पौषात रोहिणी डोक्यावर असते, फाल्गुनात पुनर्वसूचे दोन तारे. ते शेजारी शेजारी स्थिर तेवत असले तर वरची हवा शांत आहे. पण ऐन डोक्यावरचे तारेही थरथरायला लागले, क्षणात निळे क्षणात तांबूस दिसायला लागले, तर वर काही तरी ढवळलं जातंय. ते खाली उतरायला एक-दोन दिवस लागतात, असं आबा म्हणायचे.

पुढे भौतिकशास्त्र शिकले तेव्हा कळलं की ही रीत आबांच्या आजोबांची एकट्याची नव्हती. शिडाच्या जहाजांवरचे खलाशी रात्री ताऱ्यांचं लुकलुकणं बघून शीड उतरवायचं का ते ठरवत. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत ताऱ्यांचं तेज आणि रंग बघून पावसाचे अंदाज बांधलेले आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या उंच डोंगरांत बटाटे लावणारे शेतकरी ऐन थंडीत पहाटे कृत्तिका बघतात आणि त्या अंधूक दिसल्या तर लावणी पुढे ढकलतात. समुद्र वेगळे, डोंगर वेगळे, पिकं वेगळी, पण हवामान खातं नव्हतं तेव्हा माणसाजवळ सगळीकडे एकच साधन होतं, उघडे डोळे. ताऱ्याचा प्रकाश कित्येक वर्षं सरळ येतो आणि शेवटच्या काही कोसांत आपल्या हवेत अडखळतो. ज्यांना त्या अडखळण्यातून हवेची बातमी कळली त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

बारावीच्या वर्षी दिवाळीपासून आबांनी एक नवीनच सुरू केलं होतं. बाजेवर पडल्या पडल्या ते मला हाक मारायचे. घरात आणि गावात ते अहिराणीच बोलायचे. म्हणायचे, “रेखा, सांग बरं, रोहिनी काय करी राह्यनी?”

मी पुस्तक खाली ठेवून ओट्यावर यायचे, मान वर करायचे आणि सांगायचे. रोहिणी शांत असली तर मी म्हणायचे, “उगीमुगी शे.” थरथरत असली तर तसं सांगायचे. ते हूं म्हणायचे आणि मग लोकांना अंदाज द्यायचे. मला वाटायचं आबा माझी परीक्षा घेताहेत, आपली विद्या पोरीला देताहेत. मुलगा नसलेल्या घरातली मुलगी असल्याचा मला अभिमान वाटायचा तो अशा वेळी. सगळ्या हिवाळाभर मी त्यांना खरं तेच सांगितलं.

आमच्या शेजारी कमळाक्का राहायची. तिचा नवरा भुसावळजवळ दीपनगरला वीजकेंद्रात कामाला होता. तो कॉलनीत राहायचा, आठवड्याला एकदा घरी यायचा. चार एकर शेत कमळाक्काच बघायची, पेरणीपासून मळणीपर्यंत. उंच, सडसडीत, कमी बोलणारी बाई. तिच्या हाताचे मांडे आमच्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावर भाजलेली पुरणाची ती मोठी पोळी तिच्याकडूनच करून घ्यायला बायका यायच्या. हातांवर फिरवत फिरवत ती पोळी कोपरापर्यंत मोठी करायची आणि पोळी कधी फाटायची नाही.

त्या वर्षी आमचा गहू लवकर निघाला. मळून, पोती भरून घरात आला. कमळाक्काचा मागे राहिला होता. तिच्या पेंढ्या खळ्यावर पसरलेल्या होत्या आणि मळणीचं यंत्र दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्याकडे येणार होतं. दुसऱ्या दिवशी माझा भौतिकशास्त्राचा पेपर होता.

आदल्या संध्याकाळची एकेक गोष्ट मला आठवते. दिवा लावून मी घरात बसले होते. प्रकाशाचा धडा तिसऱ्यांदा वाचत होते. त्यात एक लहानसा परिच्छेद होता, तारे का लुकलुकतात याबद्दल. हवेच्या थरांचं तापमान सारखं नसतं, म्हणून प्रकाशाचं वक्रीभवन बदलत राहतं, म्हणून तारे लुकलुकतात. पावसाचा त्यात उल्लेख नव्हता. मला ते वाचून मोठं शहाणपण सापडल्यासारखं वाटलं होतं.

बाहेर कमळाक्का आली. तिनं विचारलं, पेंढ्या तशाच राहू द्याव्या का गोळा करून झाकाव्या. गोळा करायच्या म्हणजे चार-पाच घरांतली माणसं लागणार, दोन-तीन तासांचं काम. त्यात आमचं घर पहिलं. मागच्या वर्षी अशाच एका रात्री आम्ही सगळे तिच्याच खळ्यावर राबलो होतो आणि सकाळी माझे डोळे उघडत नव्हते.

आबांनी हाक मारली. मी ओट्यावर आले, मान वर केली. पुनर्वसूचे दोन्ही तारे थरथरत होते. वाऱ्यात पणती फडफडते तसे. एक तर निळा तांबडा होत होता. संशयाला जागाच नव्हती.

मी म्हणाले, “उगीमुगी शेतस.”

मी हे का म्हणाले ते पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. मला अभ्यास करायचा होता हे खरं. धड्यातल्या परिच्छेदानं मला धीर दिला हेही खरं. पण त्याहून खरं हे की मला वाटलं होतं, आबा स्वतः बघतीलच. ते हसून म्हणतील, नीट बघ. म्हणजे मी सुटेन. मी बोलून त्यांच्याकडे पाहिलं. ते पाठीवर पडलेले होते. डोळे सताड उघडे, अगदी पुनर्वसूवर लावलेले. तारे त्यांच्या डोळ्यांसमोर थरथरत होते.

ते हूं म्हणाले. मग कमळाक्काकडे वळून म्हणाले, “ऱ्हाऊ दे. काही व्हवाव नही.”

त्या क्षणी मला कळलं की आबांना दिसत नाही. दिवाळीपासूनची प्रत्येक संध्याकाळ माझ्या डोक्यात पुन्हा उभी राहिली. परीक्षा नव्हती ती. ते माझ्या डोळ्यांनी बघत होते. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, थांबा, मी चुकले, पुन्हा बघते. कमळाक्का अजून अंगणाच्या फाटकाशीही पोचली नव्हती. पण मी काही बोलले नाही. आत गेले, दिव्यासमोर बसले आणि पुस्तक उघडलं. एक अक्षरही डोक्यात शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपर संपायला अर्धा तास राहिला असताना भडगावच्या त्या वर्गात अंधारून आलं. मग पत्र्यावर पहिला थेंब वाजला. मग सगळा पत्राच वाजायला लागला. पर्यवेक्षकांनी दिवे लावायला सांगितले. माझ्या समोरच्या कागदावर एक गणित अर्धं राहिलं होतं, ते मी पुरं केलं नाही. पाऊस पाऊण तास पडला असेल. मध्ये बोराएवढ्या गाराही पडल्या.

एसटीतून उतरले तर गावात मातीचा वास सुटला होता. एरवी तो वास किती आवडतो. मी घरी न जाता खळ्यावर गेले. कमळाक्का आणि माझी आई ओल्या पेंढ्या उचलून बांधावर उभ्या करत होत्या. आबा एका बाजूला उभे होते. कुणी तरी त्यांना ऐकू जाईल असं म्हणालं की आता म्हातारपण आलं, आभाळही ऐकेना. आबा कमळाक्काजवळ जाऊन म्हणाले, “मना अंदाज चुकना.” माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पाहिलं असतं तरी मी त्यांना किती दिसले असते कुणास ठाऊक.

मी दप्तर खाली ठेवलं आणि पेंढ्या उचलायला लागले.

त्यानंतर आबांनी अंगणात बाज टाकणं बंद केलं. ते घरातच झोपायला लागले, उकाडा वाढला तरी. लोकही विचारायला येईनासे झाले. कुणी भांडलं नाही, कुणी टोमणाही फारसा मारला नाही, पण संध्याकाळी आमच्या ओट्याशी जी आठ-दहा माणसं असायची ती आता पाराशी बसायला लागली. आबा दिवसभर घरात काही तरी करत असायचे, दोऱ्या वळ, खुरप्याला मूठ बसव. मूठ वाकडी बसायची. आई त्यांच्या नकळत ती काढून पुन्हा बसवायची. म्हणजे आईलाही माहीत होतं. घरात तिघं माणसं, आणि प्रत्येकाला वाटायचं की ही गोष्ट फक्त आपल्यालाच माहीत आहे.

मी आज हे लिहिताना अंदाजाचा हिशेब मांडून बघते. डोक्यावरचे तारे थरथरले म्हणजे पाऊस येणारच असं नाही. हिवाळ्यात कोरड्या रात्रीही तारे जोरात लुकलुकतात. उंचावरून नुसता वेगवान वारा वाहत असेल, तो तसाच निघून जाईल. थरथर एवढंच सांगते की हवा अस्वस्थ आहे. आबांनाही हे माहीत होतं. त्यांचे अंदाज दहातले तीन-चार चुकायचेच आणि तेव्हा कुणी मनावर घ्यायचं नाही. त्या वर्षीचा मात्र त्यांनी स्वतःच फार मनावर घेतला. आणि तो चुकलेला अंदाज नव्हताच मुळी.

आखाजी आली. कमळाक्कानं तो गहू कितीतरी दिवस ऊन दाखवून वाळवला होता, पण दाणे काळवंडले होते, काहींना कोंब आले होते. त्याचं पीठ चिकट व्हायचं. तरीही तिनं चूल मांडली, खापर ठेवलं. दरवर्षीसारखी मी तिच्या मदतीला गेले होते, पुरणाचे गोळे करायला. पहिला मांडा तिनं हातावर घेतला, फिरवला, तो मनगटापर्यंत आला आणि फाटला. पुरण तिच्या हातावर पसरलं. तिनं तो गोळा बाजूला ठेवून दुसरा घेतला. तोही फाटला. तिसराही. तिनं हात धुतले आणि मला म्हणाली की यंदा साध्या पोळ्याच करू. तिच्या दोन्ही लेकी दाराशी उभ्या होत्या, सणाचे नवे झगे घालून. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि खेळायला निघून गेल्या.

मी त्या संध्याकाळी आबांना सगळं सांगितलं. ते गोठ्याशी बैलांना पाणी दाखवत होते. मी म्हणाले की तारे थरथरत होते, मी मुद्दाम खोटं सांगितलं, आणि तुम्हाला दिसत नाही हे कळल्यावरही गप्प बसले.

आबांनी बादली खाली ठेवली. बैलाच्या पाठीवर हात ठेवून ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “तू एक सांज खोटं बोलनी, रेखा. मी दोन वरीस बोलनू.”

दोन वर्षांपासून त्यांना तारे दिसत नव्हते. पहिलं वर्ष त्यांनी वाऱ्याचा वास, मुंग्या, बैलांचं वागणं यांवर निभावून नेलं. लोक विचारायचे, आणि दिसत नाही हे सांगणं त्यांना जमलं नाही. दुसऱ्या वर्षी दिवाळीपासून त्यांनी मला बसवलं. ते म्हणाले, तुला खरं सांगितलं असतं तर तू खोटं बोलली नसतीस. मी म्हणाले, तसं नाही, मी तरीही बोलले असते कदाचित. मग त्यांनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि म्हणाले, चल.

कमळाक्का ओट्यावर तांदूळ निवडत होती. आबांनी उभ्या उभ्याच आधी स्वतःचं सांगितलं. मग मला म्हणाले, तुझं तू सांग. मी सांगितलं. ती तांदूळ निवडायची थांबली. मला वाटलं ती आता उठून आत जाईल. मग सुपातला एक खडा काढून अंगणात टाकत म्हणाली, “त्या सांजले मी बी वर दखं व्हतं. माले बी थरथर दिखनी. पन आबा सांगतस म्हनीसन मी मना डोयास्वर इस्वास ठेवा नही.”

म्हणजे तिनंही पाहिलं होतं. घरी जाताना वाटेत थांबून तिनं आभाळाकडे पाहिलं होतं, तिला ते हलताना दिसलं होतं, आणि आबा म्हणाले म्हणून ती घरी जाऊन झोपली होती.

तिनं आम्हाला माफ केलं का, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. तसा शब्द तिनं उच्चारला नाही. मला त्यानंतर सहा महिने ती नेमकं कामापुरतं बोलायची. पण आबांना ती म्हणाली की डोळे दाखवा. पुढच्या आठवड्यात नवरा घरी आला तेव्हा तिनं त्यालाच आबांसोबत धुळ्याला पाठवलं. तिथे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचं शिबिर होतं. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून आबा परत आले. महिनाभरानं जाड भिंगांचा चष्मा आला. तो लावून त्यांनी पहिल्यांदा आईकडे पाहिलं आणि म्हणाले, तू केवढी म्हातारी झालीस. आई हसली, मग पदर तोंडाला लावून आत गेली.

मी बारावी पास झाले. भौतिकशास्त्रात कमी गुण पडले, पण धुळ्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला. मी भौतिकशास्त्रच घेतलं. सगळ्यांना त्याचं आश्चर्य वाटलं.

पुढच्या वर्षी शिवरात्रीनंतर मी सुट्टीला गावी आले होते. गहू पुन्हा खळ्यावर आला होता, या वेळी तीन-चार घरांचा एकदमच. आबांची बाज पुन्हा अंगणात होती आणि माणसंही परतली होती, पहिल्याइतकी नाही, पण पाच-सहा. आबांनी आता एक नियम केला होता. कुणी काही विचारलं की ते म्हणायचे, “पहिले बठ्ठा सांगतीन, मंग मी सांगसू.” मग जो तो मान वर करून बघायचा आणि आपल्याला काय दिसतं ते सांगायचा. काही जण हसायचे, मला काय कळतंय म्हणायचे. आबा सोडायचे नाहीत.

त्या संध्याकाळी कमळाक्का म्हणाली की थरथर आहे. मी पाहिलं, मलाही थोडी दिसली. बाकीचे नाही म्हणाले. शेवटी आबांनी चष्मा पुसला, बराच वेळ वर पाहिलं आणि म्हणाले की मला तर शांत दिसताहेत. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघू लागले. मागच्या कितीतरी वर्षांच्या सवयीनं दोघं-तिघं उठायलाही लागले, आबांनी सांगितलं म्हणजे झालं म्हणून.

आबा म्हणाले, “या दोन्हीस्ले दिखनं ना? मंग झाकूत.”

आणि ते स्वतः पहिले उठले. आम्ही सगळे खळ्यावर गेलो. कंदील आणले, ताडपत्र्या आणल्या. पेंढ्या उचलून ढीग रचले. भुसा केसांत गेला, मानेवर टोचायला लागला. आबा पेंढ्या मोजून देत होते आणि मी रचत होते. कमळाक्का ढिगावर चढून ताडपत्रीचं टोक ओढत होती. तिनं मला वरून हाक मारली, दोरी टाक म्हणून. त्या आखाजीनंतर ती मला पहिल्यांदाच नावानं हाक मारत होती.

पाऊस आला नाही. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या सगळ्या आठवड्यात नाही. सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. ताडपत्र्या काढायला पुन्हा सगळे खळ्यावर जमले. अंग सगळ्यांचंच दुखत होतं. केलेलं काम फुकट गेलं होतं आणि पेंढ्या पुन्हा पसरायच्या होत्या. कुणी तरी आता काही बोलेल म्हणून मी वाट बघत होते. कमळाक्कानं आभाळाकडे पाहिलं, ताडपत्रीवरचं दव झटकलं आणि म्हणाली, “बरं झायं, पानी उना नही.” मग आम्ही पेंढ्या पसरायला लागलो.